दिवाणातली बॅटरी

"बिबट्या इथं, मी इथं, आणि मधे काय? तर दुधाची किटली," असं म्हणून मी मधली जागा दाखवायला पोह्यांची बशी पुढं सरकवली. "त्याची नजर माझ्यावर, माझी त्याच्यावर. मनात म्हटलं, अण्णाप्पा, आज एक तर तू तरी नाहीस, नाही तर हा तरी नाही."

"मागच्या खेपेला तरस होतं," शेजारी बसलेली माझी थोरली बहीण म्हणाली.

"तरस वेगळं, अक्का. ते नदीपलीकडचं."

समोरच्या खुर्चीत मुलीचे वडील, बाबगोंडा मगदूम, पोट धरून हसत होते. ऐकणारा असा हसला की मला जरा चढतंच. "मग काय करता? किटली उजव्या हातात, पलीकडं विहीर. मी सरळ वाकलो आणि त्याचे दोन्ही कान धरले!"

"मामा," मुलीनं मान वर न करता विचारलं, "मग किटली कुणी धरली?"

सगळेच हसले. मी पण हसलो, पण जरा उशिरा. तीसेक वर्षं मी ती गोष्ट सांगत होतो, आणि किटलीचं कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही जयसिंगपूरला माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. भाचा भूषण, अक्काचा मुलगा, बँकेत अधिकारी, दिसायला रुबाबदार. पण दर वेळी काहीतरी बिनसायचं आणि अक्का गुडघ्याला तेल चोळत पुढच्या स्थळाची वाट बघायची. अशा प्रसंगी आमच्या घरात मला पुढं घालायची पद्धत आहे. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मधे मधे जी अवघड शांतता पडते, ती भरून काढणं हे माझं काम. बिबट्या, तरस, पंचगंगेच्या पुरात वाहत आलेला तमाशाचा तंबू, असा सगळा माल मी बरोबर घेऊनच निघायचो.

मुलीचं नाव अक्षता. आई नव्हती. बाबगोंडांचं स्टँडजवळ स्कूटर-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं, ते आता बंद केलेलं. मुलगी मात्र घराच्या माडीवर बॅटऱ्याच करायची, पण वेगळ्या.

"म्हणजे नेमकं काय गं करतेस?" अक्कानं विचारलं.

"स्केटबोर्ड असतो ना, अक्का. चार चाकांची फळी. वर उभं राहून पोरं जातात."

"टीव्हीत बघितलंय. पडतात बी."

"पडतात," अक्षता हसली. "त्या फळीला मोटर बसवतात. मोटरला लागते ती बॅटरी मी करते. बोटाएवढे सेल घ्यायचे, पत्र्याच्या पट्टीनं एकमेकांना जोडायचे, फळीखाली मावेल अशी लांबट, चपटी पेटी करायची. पुण्याला, बंगळूरला पाठवते."

"तेवढंच? जोडायचं काम?"

"जोडायचं सोपं आहे. सगळ्यांची पातळी सारखी ठेवायची, ते अवघड." तिनं पोह्यांच्या बशा एका ओळीत लावल्या. "हे बघा, पंगतीला वाढल्यासारखं. ही बशी अर्धीच आहे, आणि बाकीच्या भरल्यात. पुन्हा सरसकट वाढत गेलं तर काय होईल?"

"भरल्या बशीतलं खाली सांडेल," अक्का म्हणाली.

"इथं सांडत नाही. पेटतं. म्हणून मधे एक छोटा बोर्ड असतो. तो प्रत्येकाकडं लक्ष ठेवतो, कुणाचं पोट भरलं की थांबवतो."

"म्हणजे सासूच की ती!" मी म्हणालो.

"चांगली सासू," अक्षता म्हणाली, आणि अक्का चक्क लाजली.

गाडी रुळावर आली असं मला वाटलं. तेवढ्यात भूषणनं घसा साफ केला. "लग्नानंतर हे... म्हणजे घरात करणार का? कोल्हापुरात आमचा फ्लॅट आहे. सोसायटी आहे."

"एक खोली लागेल," अक्षता म्हणाली. "नाही तर गॅलरी. माझी तेवढी एकच अट आहे. बाबांनी फोनवर सांगितली असेल."

बाबगोंडांनी सांगितली नव्हती. त्यांच्या तोंडावरून ते मला कळलं, भूषणला कळलं, आणि अक्षतालाही कळलं. ती उठली. "चहा आणते," म्हणून आत गेली.

बाबगोंडा माझ्याकडं वाकले. "मामा, पोरगी हट्टी न्हाई. कामाची आहे. आज सकाळी एक बॅटरी बाजूला काढून बसली होती, रुसलेला सेल हाय म्हणत होती, तोंड पाडून. पाव्हणे यायच्या दिवशी असं तोंड बरं दिसतंय व्हय? म्हटलं जाऊ दे, आपण बघू." आणि त्यांनी डोळा मिचकावला. काय बघितलं ते मी विचारलं नाही. मला बिबट्याकडं परत जायची घाई होती.

"तर कान धरले," मी सुरू केलं. "बिबट्या म्हणतो सोड, मी म्हणतो आधी तू..."

"अण्णाप्पा, दिवाण गरम लागतोय रे," अक्का म्हणाली.

आम्ही तिघं दिवाणावर बसलो होतो. अक्का मधे, मी एका बाजूला, भूषण दाराकडं. "खिडकीतून ऊन येतंय," मी म्हणालो. खिडकी उत्तरेला होती.

"आणि वास कसला? गोड गोड. फणस पिकलाय का घरात?"

"फणसाचं काय सांगू तुला! आजऱ्याला एकदा एका फणसात..."

त्या फणसात काय निघालं होतं ते आता मला आठवत नाही. अक्षता ट्रे घेऊन आतून आली, मला एक कप दिला, दुसरा उचलला आणि तशीच थांबली. तिनं श्वास आत ओढला. मग ट्रे खाली ठेवला. ठेवला म्हणजे जमिनीवर ठेवला, एवढ्या हळू की कप वाजला नाही.

"सगळे उठा," ती म्हणाली. "बाहेर व्हा."

"अगं, गोष्ट तर..." मी म्हणालो.

"मामा, उठा!" आणि बापाकडं वळून, "बाबा, त्या पेटीचं काय केलंत? लाल फडकं बांधलेली. कुठं आहे?"

बाबगोंडांचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्याखालचा माणूस गेला होता. "दिवाणात," ते म्हणाले. "चार्जिंगला. आपल्या जुन्या चार्जरवर. पाव्हण्यांना वायरा दिसू नयेत म्हणून... हळूहळू दिलं की रुसलेला सेल वर येतो की गं, आपल्या दुकानात आयुष्यभर..."

"बोर्ड काढला होता मी तिचा!"

स्कूटरच्या बॅटरीचं तसंच असतं. एखादा खण मंदावला की सावकाश, जास्त वेळ चार्जिंग देत राहायचं. आतलं पाणी उकळ्या मारतं आणि खण ताळ्यावर येतो. त्या माणसानं हजारो बॅटऱ्या अशा शहाण्या केल्या होत्या. लेकीची पण करावी, पाहुणे जाईपर्यंत तयार करून तिला चकित करावं, एवढाच त्याचा बेत. त्यात गोधडीत गुंडाळून ठेवलेली, ऊब टिकावी म्हणून. आणि तिच्यावर आम्ही.

खालून फुस्स असा आवाज आला. फार मोठा नाही. पंक्चर काढताना येतो तेवढा.

पुढचं मी नीट सांगतो. एरवी मी सांगतो तसं नाही.

भूषण दाराजवळ होता. तो पहिला गेला. दुसरा मी. अक्काला उठताना नेहमी कुणाचा तरी हात लागतो, आणि तिच्या दोन्ही बाजूचे हात तर गेले होते. "अण्णाप्पा!" अशी तिची हाक मला ऐकू आली. मी मागं बघितलं असं मला म्हणता येईल; बरेच दिवस मी तसंच म्हणत होतो. बघितलं नाही. मी गल्ली ओलांडली आणि समोर उभ्या असलेल्या ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीमागं जाऊन उभा राहिलो. पायात एक चप्पल माझी, एक बाबगोंडांची. हातात चहाचा कप. त्यातला एक थेंबही सांडला नव्हता, आणि माझ्या सगळ्या गोष्टींत चमत्कार म्हणावा असा खरा चमत्कार तेवढाच.

ट्रॉलीच्या फटीतून मला घर दिसत होतं. आधी अक्का बाहेर आली. म्हणजे आणली गेली. अक्षतानं तिला काखेत हात घालून, पोतं ओढावं तशी उंबऱ्याबाहेर काढली, मागोमाग बाहेर पडलेल्या बापाच्या अंगावर टाकली आणि परत आत गेली. बाबगोंडा "नको गं, नको गं" करत अक्काला धरून उभे. मग दारातून धूर आला, आणि धुरातून ती पाठमोरी बाहेर आली. गोधडीचं टोक दोन्ही हातांनी धरून ओढत होती. गोधडीच्या मधून पांढरा, पिवळा जाळ पिचकारीसारखा उडत होता, एकदा इकडं, एकदा तिकडं. अंगणात बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. ती तिथं पोचते न पोचते तोच एक सेल उडाला आणि तिनं उजवा हात झटकला. पण गोधडी सोडली नाही. डाव्या हातानं तिनं ती वाळूवर ओढली, घमेल्यानं वर वाळू टाकली, नळाची पाइप आणून पाणी सोडलं. आत सेल फुटत राहिले, लवंगी माळेसारखे, एकेक.

मग सगळं थांबलं. मी कप ट्रॉलीच्या चाकावर ठेवला. तेव्हा मला दिसलं की आमची गाडी गल्लीच्या टोकाला उभी आहे, इंजिन चालू, काचा वर, आणि आत भूषण.

गल्ली गोळा झाली. सगळ्यात पुढं जयपाल नगरसेवक. हे समोरच राहायचे, आणि यांच्या घरात सत्कारासाठी टोपी, टॉवेल, नारळ यांचा साठा कायम तयार. कोण कधी दहावी पास होईल सांगता येत नाही. "काय झालं? काय झालं? स्फोट कसला?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. का ते मला माहीत नाही. माझ्या तोंडावर गोष्ट सांगणारा माणूस असं लिहिलेलं असावं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं एकही शब्द नव्हता.

"बॅटरी पेटली," बाबगोंडा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "चूक माझी. पण वाचलो. ह्या मामांनी वाचवलं. पाव्हणे असून, जिवाची पर्वा न करता, जळती गोधडी ओढून बाहेर आणली!"



"वा! वा!" जयपाल म्हणाले.

"अहो, नाही!" मी म्हणालो. "मी काही नाही केलं. मी त्या ट्रॉलीमागं होतो."

लोक हसले. "बघा, केवढा विनय!"

"विनय नव्हे! खरंच! तिथं माझा कप आहे, बघा! पोरीनं ओढली! माझ्या बहिणीला पण तिनंच काढलं! मी पळालो!"

"मोठी माणसं अशीच असतात," एक म्हातारी म्हणाली. "केलेलं सांगत न्हाईत."

मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. बिबट्याचे कान लोकांनी तीसेक वर्षं मानले, तरस मानलं, पुरातला तंबू मानला. आणि मी पळालो हे मानायला कुणी तयार नव्हतं.

बाबगोंडांनी माझा हात धरला, इतका घट्ट की बोटं दुखली. कानाशी म्हणाले, "मामा, असू द्या. पाया पडतो. माझ्या दारात पाव्हणे पळाले असं गल्लीत झालं, तर उद्या सगळे तिलाच बोलतील. हिच्या बॅटरीपायी पाव्हणे पळाले म्हणतील. पुन्हा या दारात कुणी पाऊल ठेवणार न्हाई. तुमचं नाव झालं तर निदान बोलणं दुसरीकडं जाईल."

अक्षता दोन पावलांवर उभी होती. उजव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला. तिनं ऐकलं की नाही ते कळलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जयपालनी घरातून टोपी, टॉवेल, नारळ आणवला. मी नको नको म्हणत होतो तेवढ्यात डोक्यावर टोपी आली, खांद्यावर टॉवेल आला. भूषण आतापर्यंत गाडीतून उतरून आला होता आणि गर्दीच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. "कुंकू लाव पोरी मामांना," जयपाल म्हणाले. "तुझ्या घराला ह्यांनी वाचवलं."

कुणीतरी करंडा तिच्यापुढं धरला. तिनं एकदा टॉवेल गुंडाळलेल्या हाताकडं बघितलं. मग डाव्या हाताचं बोट करंड्यात बुडवलं.

"डावा हात आहे," ती म्हणाली. "चालेल ना, मामा?"

मी मान खाली घातली. तिला लावता यावं म्हणून नव्हे.  टिळा वाकडा लागला हे मला न बघता कळलं. तिच्या हाताला भाजल्याचा वास होता आणि अजून तो गोड वास.

मी म्हणालो, "डॉक्टरकडं जाऊ या. गाडी आहे."

"आमचे डॉक्टर कोपऱ्यावरच आहेत," ती म्हणाली. "तुम्ही निघा. अक्कांचे पाय दुखत असतील."

आम्ही निघालो. गल्लीनं हात हलवून निरोप दिला.

भूषण गाडी चालवत होता. मी पुढं, मांडीवर नारळ. मागं अक्का गुडघे चोळत होती. जयसिंगपूर मागं पडल्यावर ती म्हणाली, "भूषण, तू बाहेर कुठं गेला होतास रे?"

"गाडी काढायला, आई," भूषण म्हणाला. जराही न अडखळता. "म्हटलं, कुणाला लागलं तर दवाखान्यात न्यायला गाडी तयार पाहिजे. इंजिन चालू करून ठेवलं. काचा लावल्या, धूर आत येऊ नये म्हणून. सगळ्यांनीच आत गर्दी करून काय उपयोग? कुणीतरी डोकं शांत ठेवायला लागतं."

काय सुरेख सांगितलं! जिथं थांबायचं तिथं थांबला, काचांचा तपशील बरोबर घातला. लहानपणी हे पोर माझ्या मांडीवर बसून गोष्टी ऐकायचं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. ऊस होता. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"ते बरोबर केलंस," अक्का म्हणाली. "मला मुलगी पसंत आहे. ताकदीची आहे. आज रात्रीच होकार कळवू. तेवढं बॅटरीचं मात्र बंद करायला सांगायचं. आज बघितलंच आपण."

"हो, ते तर झालंच," भूषण म्हणाला. "आता तिलाही पटेल."

हातकणंगल्याच्या अलीकडं फोन वाजला. भूषणच्या गाडीत फोन आला की आवाज सगळ्या गाडीत घुमायचा. त्याचा त्याला अभिमान होता. बाबगोंडा होते.

"अक्का, पोचलात का?"

"रस्त्यात आहोत. हात कसा आहे पोरीचा?"

"बांधलाय. बोटं हलतात. अक्का, राग मानू नका. पोरगी नको म्हणते."

अक्का पुढं सरकली. "नको? काय कमी आहे आमच्यात? आम्ही होकार द्यायला निघालो होतो! खोली पाहिजे म्हणत होती, तर खोलीचं काही आम्ही नाही म्हटलं होतं का? काय बघितलं तिनं असं?"

तिकडं बाबगोंडांनी लेकीकडं वळून काहीतरी विचारलं. मग लांबून, घरातल्या घरात बोलल्यासारखा तिचा आवाज आला. शांत.

"मामांना विचारा म्हणावं, बाबा. मामांनी मघाशी सगळं खरं सांगितलं. कुणी ऐकलं नाही."

फोन बंद झाला.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. भूषणनं रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा रस्त्यावर नेली. अक्काला काय ऐकायचं होतं आणि भूषणला काय ऐकायचं होतं, दोन्ही मला माहीत होतं. दोन्ही मला सांगता आलं असतं, अगदी रंगवून. मुलीचं आधी कुठंतरी बोलणं झालेलं असणार म्हणून. पत्रिकेतच काहीतरी असेल म्हणून. गाडीला वळण यायच्या आत ते दोघं सुखी झाले असते.

मी टोपी काढली आणि नारळाशेजारी ठेवली. कपाळावरचं कुंकू घामानं भुवईपर्यंत उतरलं होतं. पुसलं नाही.

"अक्का," मी म्हणालो, "तू हाक मारलीस. ती मी ऐकली होती."

कोल्हापूर येईपर्यंत मी सांगत होतो. दिवाणापासून ट्रॉलीपर्यंत, ट्रॉलीपासून काचा वर असलेल्या गाडीपर्यंत.  अक्का "मागच्या खेपेला वेगळं होतं" असं एकदाही म्हणाली नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. जयसिंगपुरात एखाद्या लग्नाला गेलो तर अजून कुणीतरी मला लांबून दाखवतं आणि पोरांना म्हणतं, आगीतून बॅटरी ओढून काढली ती याच माणसानं. मी दर वेळी सांगतो, मी नव्हे, मी ट्रॉलीमागं होतो. दर वेळी ते हसतात आणि माझ्या पाया पडतात. बिबट्याची गोष्ट मी त्या दिवसापासून सांगितलेली नाही. किटली कुणी धरली, याचं उत्तर अजून सापडलं नाही.